ठाण्याहून दोघांनाच दोन दिवस जायचंय. समुद्र हवा, पण सुनसान रिसॉर्ट नको. कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी घरी परत यायचंय, अलिबाग-मुरूड करून झालंय, आणि सात वाजता दिवेलागण झाली की झोपी जाणारं गाव बायकोला नकोय. गोव्याचंही विचारलंय. एवढ्याशा वेळात गोवा म्हणजे निम्मी सुट्टी गाडीत. माझं उत्तर सरळ आहे: मुंबई. फोर्ट-कुलाब्याकडे हॉटेल घ्या आणि दोन रात्री राहा.

हसू येईल, आम्हालाही आलं होतं. मी बारा वर्षं फोर्टात नोकरी केली. त्या बारा वर्षांत पाहिलेली मुंबई म्हणजे सीएसएमटीचा सबवे, ऑफिसची लिफ्ट आणि संध्याकाळची जलद ठाणे लोकल. नवरा ठाण्यातच, वागळे इस्टेटला नोकरीला, त्याचं मुंबईला जाणं लग्नकार्यापुरतं. दोघं मिळून कधी गेलोच, तरी रात्रीचे नऊ वाजले की ठाणेकराचा जीव खालीवर व्हायला लागतो. परतीची गाडी, तिथून रिक्षा, सोसायटीचं गेट. समुद्र बघितला नाही असं नाही, पण घड्याळाकडे एक डोळा ठेवून बघितला. म्हणून राहायला जा म्हणते.

आम्ही असे राहायला गेलो, तेव्हा पहिल्या रात्री मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलो होतो. सव्वादहाला नवरा सवयीनं उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "चल, साडेदहाची मिळेल." मी बसूनच राहिले. त्याला कळायला दोन-तीन सेकंद लागले. मग परत बसला, सायकलवाल्याकडून दोन चहा घेतले आणि आम्ही साडेबारापर्यंत तिथेच. फार काही बोललोही नाही. रात्री गाड्या कमी झाल्या की खालच्या सिमेंटच्या ठोकळ्यांत शिरलेल्या लाटेचा आवाज येतो, तांब्यातून घटाघटा पाणी ओतल्यासारखा. इतक्या वर्षांत तो मी पहिल्यांदा ऐकला.

आता हॉटेलचं नीट वाचा, कारण आमची तिथेच फजिती झाली. बुकिंग ऑनलाइन, पैसे भरलेले. काउंटरवर आधार कार्डं दिली. त्या माणसानं पत्ता वाचला, आमच्याकडे बघितलं, पुन्हा पत्ता वाचला. "लोकल आयडी नहीं चलता." म्हटलं, अहो, मी लोकलनं येते, लोकल नाहीये! त्याला विनोद कळला नाही. लग्नाचा दाखला आहे का म्हणे. चौदा वर्षं संसार झालेल्या माणसांकडे हा कागद खिशात असतो होय? शेवटी नवऱ्यानं मोबाइलवर मुलीच्या वाढदिवसाचे फोटो दाखवले, मॅनेजर आला आणि खोली मिळाली. 'सी व्ह्यू' म्हणजे एसीचं यंत्र आणि शेजारची भिंत यांच्या फटीतून दिसणारा वीतभर समुद्र. तेव्हा पैसे भरण्याआधी थेट हॉटेलला फोन करून "ठाण्याच्या पत्त्याचं आधार चालेल ना?" असं विचारा आणि होकार मेसेजवर लिहून घ्या. काही हॉटेलं स्वतःच असला नियम करतात. समुद्र दिसणाऱ्या खोलीसाठी जादा पैसे देऊ नका, खाली उतरून चाललं की समुद्र आहेच.

शनिवारी घारापुरीची (एलिफंटाची) लेणी करायची तर सकाळीच करा. बोटी गेटवेवरून साधारण नऊला सुरू होतात, जायला तासभर. ऊन चढल्यावर त्या पायऱ्या जिवावर येतात आणि माकडं हातातली बाटली ओढतात. पण आतली सदाशिवाची तिन्ही मुखांची मूर्ती, वीसेक फुटांची, अंधारातून हळूहळू डोळ्यांना दिसायला लागते, त्यासाठी सगळं माफ. लेणी सोमवारी बंद असतात, तुमचा सोमवार नाहीच. पावसाळ्यात बोटींचा भरवसा नाही.

दुपारी जेवायला फोर्टातलं एखादं मंगळुरी हॉटेल गाठा, गस्सी (नारळाच्या वाटणाचं कालवण) आणि नीर डोसा मागवा. मिसळीच्या मागे लागू नका, त्यासाठी आपल्याकडे ठाण्यात मामलेदार मिसळ आहे.

रविवारची सकाळ मात्र झोपून घालवू नका. साडेसातला ओव्हल मैदानावर जा. तोवर तिथे पोरांच्या सात-आठ मॅचेस एकात एक गुंतलेल्या असतात, एकाचा फील्डर दुसऱ्याच्या स्टंपाशी. मैदानाच्या मधोमध, चेंडू चुकवत, उभे राहा. पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दगडी, टोकदार, एकोणिसाव्या शतकातले. पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग, गोलसर बाल्कन्यांची, त्यातल्या बऱ्याच 1930 च्या दशकातल्या. दोन्ही बाजू मिळून 2018 मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. नोकरीच्या दिवसांत हे वर मान करून बघायची सवड कुणाला! तिथून चालत हॉर्निमन सर्कल, मग एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या. रविवारी सकाळी फोर्ट इतका रिकामा असतो की स्वतःच्या चपलांचा आवाज येतो. ज्या फुटपाथवर एरवी कोपर मारल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, तिथे एक कुत्रा ऐसपैस आडवा झोपला होता.

जाताना टॅक्सीचा विचारही नको. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून (म्हणजे आजच्या सीएसएमटीकडून) ठाण्याला आलेल्या पहिल्या गाडीला 57 मिनिटं लागली असं सांगतात. आजची जलद लोकल काही फार पुढे गेलेली नाही, पण ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरच्या शुक्रवार संध्याकाळपेक्षा बरी. मुंबईकडे जाणारी गाडी त्या वेळी गर्दीच्या उलट्या दिशेची, बसायलासुद्धा मिळतं.

येताना मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद) आहे का ते बघून निघा. रविवारी मेन लाइनवर ब्लॉक असला की दुपारी साडेतीन-चारपर्यंत गाड्यांचा काही नेम नसतो. आम्ही साडेपाचची पकडली. सीएसएमटीलाच बसायला मिळालं, खिडकी काही मिळाली नाही.