नळ नाही, संडास नाही, मग राहायचं कसं?

प्रश्न : आम्ही चौघं मित्र दोन रात्रींसाठी एका सरकारी रिक्रिएशन एरियात प्रिमिटिव्ह कॅम्पिंगला चाललोय. बुकिंग करताना स्पष्ट लिहिलं होतं की पाणी, लाइट, टॉयलेट काही नाही, फक्त जागा मिळेल. तंबू भारीतला घेतलाय. शेजारी ओढा आहे, तर पाणी न्यायची गरज आहे का? आणि संडासचं काय करायचं?

उत्तर : बरं झालं हे विचारलंत, नाहीतर लोक तंबूवरच सगळा जीव काढतात आणि हाल होतात ते पाणी नि संडासपायी. ओढा कितीही नितळ असला तरी तसाच तोंडाला लावू नका, वरच्या अंगाला जनावरं उतरलेली असतात आणि जिआर्डिया नावाचा पाण्यातला सूक्ष्म परजीवी काही डोळ्यांना दिसत नाही, शिवाय पोट बिघडतं ते एक-दोन आठवड्यांनी, तोवर तुम्ही दोष देणार हॉटेलातल्या जेवणाला! पाणी खळखळ उकळायला लागलं की पूर्ण १ मिनिट उकळू द्या, २००० मीटरच्या वर असाल तर ३ मिनिटं, कारण उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळतं. नुसत्या क्लोरीनच्या गोळ्यांवर भिस्त नको, क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा असाच दुसरा परजीवी त्यांना दाद देत नाही. आणि एवढं करूनही प्यायला-शिजवायला माणशी रोजचं ४ लिटर धरून पाणी सोबत न्याच, ओढा आटलेला निघाला तर काय करणार?

आता संडास. लहानसं खुरपं घ्या, ओढा, पायवाट आणि तंबू या तिन्हींपासून २०० फूट म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ७० पावलं लांब जा आणि ६ ते ८ इंच खोल खड्डा करा. त्याहून खोल खणून फायदा नाही, घाण कुजवणारे जंतू वरच्याच मातीत जास्त असतात. नंतर तीच माती लोटून वर पालापाचोळा टाका. टिश्यू मात्र झिपच्या पिशवीत परत आणायचा, वेट वाइप्स तर मातीत अजिबात पुरायचे नाहीत, ते वर्षानुवर्षं तसेच राहतात. काही ठिकाणी, विशेषतः खडकाळ किंवा वाळवंटी भागात, खड्डाच चालत नाही, सगळं पिशवीत भरून आणावं लागतं (हो, सगळं), म्हणून तिथला नियम आधीच विचारून घ्या.

भांडी पण ओढ्यात नको, साबणावर बायोडिग्रेडेबल लिहिलेलं असलं तरी. तंबू आधी वापरलेल्या उघड्या जमिनीवरच टाका आणि टाकण्याआधी एकदा मान वर करून बघा, वाळकी फांदी लटकत असेल तर तिथून हला.

प्रश्न : पाऊस आला तर तंबूतच स्टोव्ह पेटवला तर चालेल का? चेन थोडी उघडी ठेवू.

उत्तर : नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, चेन उघडी असली तरी तो आत साठू शकतो, आणि तंबूचं कापड पेटायला वेळ लागत नाही. एक वेळचं न शिजवता खाता येईल असं काहीतरी सोबत ठेवा म्हणजे पेटवायचा प्रश्नच येणार नाही.