वेल्डरचा इन्स्पेक्टर होताना

अनेक आशीर्वाद.

सीडब्ल्यूआयचं, म्हणजे सर्टिफाइड वेल्डिंग इन्स्पेक्टरच्या परीक्षेचं, मनावर घेतलंस ते बरं केलंस. फॉर्म भरण्याआधी मात्र एक गोष्ट पक्की समजून घे. इतकी वर्षं समोर जॉब आला की तू 'हा मी कसा मारेन' असं बघत आलास. आता 'याबद्दल कोडमध्ये, म्हणजे वेल्डिंगच्या नियमांच्या पुस्तकात, काय लिहिलंय' असं बघायचं आहे. मुरलेले वेल्डर या परीक्षेत अडकतात ते बहुधा इथेच. नजरेत भरणारा वेल्ड मापात कमी पडला तर रिजेक्ट, आणि तुला लाज वाटावी असा ओबडधोबड वेल्ड मर्यादेत बसला तर पास. तुझ्या आवडीनिवडीला तिथे कोणी विचारत नाही.

आधी कागदपत्रं. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या नियमानुसार शालेय शिक्षण पूर्ण असेल तर पाच वर्षांचा अनुभव लागतो. शिक्षण कमी असेल तर वर्षं वाढतात, तांत्रिक पदवी असेल तर कमी होतात. हा अनुभव कोड किंवा स्टँडर्डप्रमाणे होणाऱ्या कामाचा हवा. म्हणून मालकाकडून पत्र घेताना 'वेल्डर म्हणून काम केले' एवढ्यावर भागवू नकोस. कोणत्या कोडखाली, कशा प्रकारचे जॉब, त्यात तुझं काम काय, हे लिहून घे. डोळ्यांची तपासणीही लागते: १२ इंचांवरून, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटरवरून, जेगर जे२ अक्षरं वाचता आली पाहिजेत. चष्मा लावून चालतं. रंग ओळखण्याचीही चाचणी असते. हे काम आधीच उरकून टाक, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस.

परीक्षेचे तीन भाग आणि प्रत्येकात वेगळे ७२ टक्के. एका भागातले जादा गुण दुसऱ्याला लावता येत नाहीत. पहिल्या भागात १५० प्रश्न आणि दोन तास, म्हणजे प्रश्नाला ४८ सेकंद. प्रश्नपत्रिका वेल्डिंगच्या सगळ्या पसाऱ्यावर असते. रॉड आणि टिग तुझ्या हातात बसलंय, पण सबमर्ज्ड आर्क, ब्रेझिंग, स्टड वेल्डिंग, गॅस कटिंग यांवरही प्रश्न येतात. जे हातानं कधी केलं नाही ते आधी वाच. जे येतं ते वाचायला सगळ्यांनाच आवडतं. वेल्डिंगची चिन्हं रोज दहा तरी सोडव. चिन्हाच्या आडव्या रेघेखाली खूण असेल तर बाणाकडची बाजू, रेघेवर असेल तर पलीकडची. माप खुणेच्या डावीकडे, लांबी आणि पिच (वेल्डच्या दोन तुकड्यांच्या मध्यांमधलं अंतर) उजवीकडे. झेंडा म्हणजे साइटवरचा वेल्ड, कोपऱ्यावरचं वर्तुळ म्हणजे चहूबाजूंनी. शॉपमध्ये आपण कुठल्याही खोटीला 'डिफेक्ट' म्हणतो. परीक्षेत मर्यादेबाहेर गेलेली तेवढीच डिफेक्ट, बाकी सगळ्या डिसकंटिन्यूइटी, म्हणजे नुसता खंड. या एका फरकावर गुण जातात.

गणित फार नाही, पण वेळ खातं. ओढून तोडायचा नमुना ३८ मिमी रुंद, १० मिमी जाड आणि १९० किलोन्यूटनला तुटला, तर ताणशक्ती १,९०,००० भागिले ३८०, म्हणजे ५०० मेगापास्कल. २४ व्होल्ट, २०० अँपिअर आणि मिनिटाला २४० मिमी वेग असेल तर हीट इनपुट, म्हणजे वेल्डच्या दर मिमीला मिळणारी उष्णता, १.२ किलोज्यूल प्रति मिमी. अशी उदाहरणं कॅल्क्युलेटरवर बोटं आपोआप चालेपर्यंत कर.

दुसरा भाग प्रात्यक्षिकाचा. त्यात वेल्डच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती, गेज आणि स्पेसिफिकेशनचं एक पुस्तक देतात. त्या वेळेपुरतं तेच पुस्तक खरं. डी१.१ (स्टील स्ट्रक्चरच्या वेल्डिंगचा कोड) मधले आकडे तोंडपाठ असणारे इथे हटकून चुकतात, कारण पुस्तकातली मर्यादा वेगळी असते आणि उत्तर मात्र सवयीनं दिलं जातं. माप घेण्याआधी प्रश्न पूर्ण वाच: कोणती प्रतिकृती, कोणता वेल्ड, कोणत्या स्पेसिफिकेशनखाली. कॅलिपर बंद करून शून्य बघ. बॅटरी सरळ वरून मारलीस तर अंडरकट, म्हणजे वेल्डच्या कडेला प्लेटमध्ये पडलेली खाच, दिसणारच नाही. उजेड जवळजवळ प्लेटला टेकवून आडवा मार, म्हणजे वेल्डच्या कडेला सावली पडते.

फिलेटचं (दोन प्लेटांच्या कोपऱ्यातल्या तिकोनी वेल्डचं) माप नीट शिकून घे, इथे अनुभवी माणसंही घसरतात. समज, ड्रॉइंगवर ८ मिमी आहे. वेल्ड फुगीर असेल तर लेग, म्हणजे कोपऱ्यापासून वेल्डच्या कडेपर्यंतची बाजू, मोज. एक लेग ९ आणि दुसरा ७ निघाला तर माप ७, सरासरी ८ नव्हे. वेल्ड आत दबलेला असेल तर लेग फसवतात. दोन्ही लेग ९ दिसतात, पण थ्रोट, म्हणजे कोपऱ्यापासून वेल्डच्या पृष्ठभागापर्यंतची जाडी, ५.२ मिमी भरतो. त्याला १.४१४ नं गुणलं की ७.३५ येतात, म्हणजे हाही ८ चा नाही. गेजखाली स्पॅटरचा (उडून चिकटलेल्या धातूचा) एखादा दाणा राहिला तर सगळंच चुकतं, तो आधी काढ. आणि कमी भरला म्हणून लगेच रिजेक्ट लिहू नकोस. डी१.१ मध्ये ८ मिमीचा फिलेट वेल्डच्या लांबीच्या १० टक्क्यांपर्यंत ३ मिमीनं कमी असला तरी चालतो. म्हणून कमी माप किती लांबीत आहे तेही मोज. गर्डरच्या वेब (मधली उभी प्लेट) आणि फ्लँजच्या (वरखालच्या आडव्या प्लेटच्या) जोडाला मात्र टोकांशी, फ्लँजच्या रुंदीच्या दुप्पट लांबीत, ही सूट नाही.

हा शेवटचा तपशील मुद्दाम लिहिला. तिसरा भाग कोडचं पुस्तक उघडून सोडवायचा असतो आणि तो असल्या तपशिलांवरच उभा आहे. रोज ज्या कोडवर काम करतोस तोच निवड: स्ट्रक्चर असेल तर डी१.१, पाइपलाइन असेल तर एपीआय ११०४. पाठांतराच्या मागे लागू नकोस. अनुक्रमणिकेतून योग्य कलमावर, तिथून तक्त्यावर आणि तक्त्याखालच्या टिपेपर्यंत झटपट पोहोचण्याचा सराव कर. अंडरकटच घे. १२ मिमी प्लेटवर ०.६ मिमी खोल अंडरकट आहे. स्थिर भाराच्या स्ट्रक्चरमध्ये मर्यादा १ मिमी, म्हणजे पास. तोच वेल्ड पुन्हा पुन्हा भार येणाऱ्या मुख्य मेंबरवर, ताणाला आडवा असेल तर मर्यादा ०.२५ मिमी, म्हणजे रिजेक्ट. तक्त्यातला रकाना चुकला की उत्तर चुकलं.

सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं, नंतर नूतनीकरण. तिसऱ्या आणि सहाव्या वर्षाची तारीख लिहून ठेव. नवव्या वर्षी पुन्हा पात्रता सिद्ध करावी लागते.

आता प्रत्यक्ष काम. इन्स्पेक्टर वेल्ड झाल्यावर उगवत असेल तर निम्मं काम बुडालं म्हणून समज. आर्क लागण्याआधी डब्ल्यूपीएस (वेल्ड कसा करायचा ते लिहून ठरवलेला कागद), ड्रॉइंग, प्लेटचा हीट नंबर (स्टीलच्या घाण्याचा क्रमांक) आणि टेस्ट सर्टिफिकेट जुळव. रूट गॅप (जोडाच्या तळाशी ठेवलेली फट), बेव्हलचा (प्लेटच्या तिरक्या कापलेल्या कडेचा) कोन, दोन प्लेटांची उंची बघ, टाके तडकलेत का तेही बघ. गॅप बंद झालेला असेल तर रूट भिनणार नाही, आणि ते नंतर वरून कळत नाही. प्रीहीट, म्हणजे वेल्डआधी प्लेट तापवणं, जोडाच्या अगदी कडेला मोजून समाधान मानू नकोस. सगळ्या बाजूंनी जाड प्लेटच्या जाडीएवढ्या अंतरापर्यंत, आणि ते अंतर ७५ मिमीपेक्षा कमी नको, तापमान मिळायला हवं.

७०१८ या कमी हायड्रोजनच्या रॉडवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव. डबा उघडल्यावर रॉड किमान १२० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये हवेत, बाहेर काढल्यावर चार तासांत वापरायचे. वेळ उलटली तर २६० ते ४३० अंशांवर किमान दोन तास भाजायचे, तेही एकदाच. भिजलेला रॉड सरळ बाद. कोटिंगमधल्या ओलाव्यातून हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो, बाजूच्या कडक झालेल्या पट्ट्यात साठतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, क्रॅक देतो. म्हणूनच ए५१४ सारख्या जास्त ताकदीच्या स्टीलला वेल्ड संपल्यावर ४८ तासांच्या आत पास म्हणता येत नाही. प्रॉडक्शनवाले घाई करतील. घड्याळ दाखव आणि गप्प राहा.

एनडीटी, म्हणजे जॉब न तोडता केलेली तपासणी, मागवताना कशात काय दिसतं याचं भान ठेव. डीपीत (रंगीत द्रव लावून केलेल्या तपासणीत) फक्त पृष्ठभागावर उघडलेली खोट दिसते. मॅग्नेटिकमध्ये (चुंबकाच्या तपासणीत) पृष्ठभागाच्या किंचित खालचंही दिसतं, पण स्टेनलेसच्या ३०४ वर ती पद्धत चालत नाही. रेडिओग्राफीत पोरॉसिटी (वायूची छिद्रं) आणि स्लॅग (आत अडकलेला मळ) छान येतात. फ्यूजन न झालेली बारीक फट किरणांना तिरकी असली तर निसटते. तिथे यूटी, म्हणजे अल्ट्रासॉनिक तपासणी, लागते.

सगळ्यात अवघड जाईल ते हात आवरणं. वेल्डरला 'करंट दहानं वाढव' असं सांगायची सवय सोड. तू सांगितल्यावर वेल्ड बिघडला तर तपासणार कोण? डब्ल्यूपीएसची मर्यादा ओलांडली असेल तर तेवढं दाखव, बाकी फोरमन बघेल. कोडमध्ये न बसणारा वेल्ड 'चालेल' म्हणायचा अधिकार इंजिनिअरचा, तोही लेखी. ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं डबा खाल्ला त्यांचेच वेल्ड तपासायचे म्हणजे भीड पडणारच. तेव्हा गेज त्यांच्याच हातात दे आणि वाचायला सांग.

रिपोर्टमध्ये 'अंडरकट जास्त' असं कधी लिहू नकोस. असं लिही: 'जॉइंट १४, प्लेट १६ मिमी, स्थिर भार. डाव्या टोकापासून २२० मिमीवर अंडरकट, खोली १.५ मिमी, सलग लांबी ७० मिमी. १ मिमीपेक्षा खोल अंडरकट कोणत्याही ३०० मिमीत एकूण ५० मिमीपर्यंतच मान्य. नामंजूर.' खाली कलमाचा आणि तक्त्याचा नंबर, कोडच्या आवृत्तीचं वर्ष, तारीख, सही. दुरुस्ती झाली की तोच भाग पुन्हा बघून नवी नोंद कर. पहिली नोंद खोडायची नाही.

कळावे.