चांदीच्या कुपीतले दरबारी सुगंध

प्रश्न : युरोपातील राजदरबारांवरची एक मालिका आमच्या घरी सगळे आवडीने पाहतात. तिच्यातील सोळाव्या शतकातली राणी चांदीच्या नक्षीदार बाटलीतून अंगावर अत्तराचा फवारा मारते. अशा बाटल्या तेव्हा खरोखर होत्या का? आणि त्यांतले सुगंधी जिन्नस आपल्या गोव्यातून जात असत, हे कितपत खरे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : बाटल्या होत्या, फवारा मात्र नव्हता. रबरी फुगा दाबून अत्तर उडवण्याची सोय एकोणिसाव्या शतकातली आहे. प्रबोधनकाळातील दरबारी माणसे सुगंध मुख्यतः दोन रूपांत बाळगत : एक गुलाबपाण्यासारखे सुगंधी पाणी आणि दुसरा मळून वाळवलेला घट्ट गोळा. पात्र कसे घडवायचे, हे आत यांपैकी काय भरायचे आहे त्यावर ठरत असे.

पाण्यासाठी लहान, चपट्या पोटाची आणि अरुंद मानेची बाटली असे. यात्रेकरू खांद्याला अडकवत त्या बुधल्याचा आकार तिने उचलला होता, आणि बाजूंना साखळीही त्याच धर्तीवर लावलेली असे. झाकणाला बारीक छिद्रे पाडलेली असत व बाटली हलवून थेंब कपड्यांवर, हातमोज्यांवर किंवा खोलीत शिंपडत. आपल्या लग्नघरातील गुलाबदाणीचे काम याहून वेगळे नाही. इंग्लंडमध्ये ट्यूडर राजांच्या काळात अशा बाटल्यांची चांगलीच चलती होती. काहींचे पोट अकीक दगडाचे असे आणि चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेले कोंदण तेवढे सोनाराच्या हातचे असे. सोन्याच्या कुप्याही होत्याच. लंडनमध्ये 1912 साली चीपसाइड येथे जमिनीखाली सापडलेल्या दागिन्यांच्या साठ्यात मीनाकाम केलेली आणि रत्ने जडवलेली एक कुपी आहे, ती पाहिल्यावर चांदी साधीच वाटते.

तरीही कारागिरी पाहायची असेल, तर गोळ्यासाठी केलेल्या डब्या पाहाव्यात. ‘पोमँडर’ या नावाने त्या ओळखल्या जातात. सुरुवातीच्या डब्या म्हणजे चांदीचे जाळीदार पोकळ गोल; आतल्या गोळ्याचा वास जाळीतून दरवळत राही. पुढे त्यांची रचना गुंतागुंतीची झाली. वरची कडी फिरवून काढली की डबी संत्र्याच्या फोडींसारखी उलगडते, कारण प्रत्येक फोड तळाशी बिजागरीने जोडलेली असते. तिला स्वतंत्र सरकते झाकण असते आणि पुष्कळदा आत ठेवायच्या सुगंधाचे नावही कोरलेले असते. बंद केल्यावर ती जेमतेम अक्रोडाएवढी. स्त्रिया ती कमरपट्ट्याला लांब साखळीने लटकवत. कलोन शहरातील बार्थेल ब्रुइन या चित्रकाराच्या व्यक्तिचित्रांत ती हाती धरलेली दिसते. यात मिरवणे होतेच, पण केवळ मिरवणे नव्हते. दूषित हवेतून प्लेग पसरतो, अशी त्या काळच्या वैद्यांची धारणा होती, त्यामुळे सुवास हा औषधाचाच भाग मानला जाई. इंग्लंडचा कार्डिनल वूल्झी गर्दीत जाताना गर काढलेल्या संत्र्यात व्हिनेगर व मसाल्यांत भिजवलेला स्पंज घालून ते नाकाशी धरत असे.

इटलीत तर सुगंध तयार करणे ही दरबारी हौसच होती. मांतुआची मार्केझा (तेथील शासकाची पत्नी) इझाबेला देस्ते स्वतः सुगंध मिसळून ते भेटीदाखल पाठवीत असे. 1533 साली फ्रेंच राजपुत्राशी विवाह झालेल्या कॅथरिन दे मेदिचीने अत्तराची विद्या फ्रान्सला नेली, ही कथा मात्र फार रंगवून सांगितली जाते, कारण तिच्या दीडशे वर्षे आधीही फ्रेंच राजांकडे सुगंधी गोळ्यांच्या डब्या होत्या.

आता गोव्याचे. आपण ऐकले ते खरे आहे, आणि माझ्या मते त्यातच या वस्तूंच्या मोलाचे मर्म आहे. गोळ्यात अंबर, कस्तुरी, जवादी, लोबान हे जिन्नस पडत. अंबर म्हणजे स्पर्म व्हेल माशाच्या आतड्यात तयार होऊन किनाऱ्याला लागणारा पदार्थ. तो मालदीव आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येई. कस्तुरी तिबेट व चीनकडची, तर लोबान सुमात्रा आणि सयामचा, मलाक्कामार्गे येणारा. 1510 साली गोवा आणि 1511 साली मलाक्का पोर्तुगिजांच्या हाती गेल्यावर या व्यापाराचा मोठा वाटा त्यांच्या जहाजांतून लिस्बनला जाऊ लागला. 1563 साली गोव्यात छापल्या गेलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने अंबर आणि लोबान या दोहोंवर प्रकरणे लिहिली आहेत. वजनास वजन धरले तर उत्तम अंबर वा कस्तुरी भोवतीच्या चांदीपेक्षा महाग पडे. म्हणजे डबी ही तिजोरी होती आणि ऐवज आत होता. चांदीवरची नक्षी या ऐवजाची जाहिरात करी. पुढे सतराव्या शतकात येथील जेझुइट पाद्र्यांनी कस्तुरी, अंबर आणि रत्नांची पूड मिसळून केलेले ‘गोवा स्टोन’ नावाचे औषधी गोळे युरोपात नावाजले गेले. त्यांच्यासाठी सोन्याच्या जाळीकामाची अंडाकृती पात्रे घडवली जात, आणि त्यांतले एक आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

प्रश्न : आजीच्या पेटीत बोटाच्या दोन पेरांएवढी चांदीची डबी सापडली. वरचे झाकण उघडले की आत जाळीचे दुसरे झाकण लागते आणि आतून ती सोनेरी आहे. पोर्तुगीज दरबारातली सुगंधाची कुपी म्हणून घरात तिची ख्याती आहे. ती इतकी जुनी असेल का?
— एक वाचक, म्हापसे

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून ही सुगंधी व्हिनेगरची डबी असावी. जाळीखाली व्हिनेगरमध्ये भिजवलेला स्पंज ठेवत आणि घेरी आल्यासारखे वाटले की तो हुंगत. ही चाल अठराव्या शतकाच्या अखेरीची आणि एकोणिसाव्या शतकातली. आतला सोन्याचा मुलामा शोभेचा नाही. आम्लाने चांदी खराब होऊ नये म्हणून तो दिलेला असतो. झाकणाच्या आतल्या कडेवरचा चांदीच्या शुद्धतेचा ठसा भिंगातून पाहावा. चालणारा सिंह आणि शेजारी जहाजाचा नांगर दिसला, तर डबी बर्मिंगहॅमची, म्हणजे 1773 नंतरची. रानडुकराचे मस्तक हा पोर्तुगालमधील 1887 नंतरचा ठसा आहे आणि गरुडाचे मस्तक त्याहूनही नंतरचे, 1938 पासूनचे. ठसा सापडेपर्यंत चिंच, रांगोळी, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये, कारण घासण्याने ठसाही झिजतो आणि आतला मुलामाही निघतो. मऊ सुती कापडाने पुसणे पुरेसे आहे.