अँजिओप्लास्टी आणि धमनीच्या आतली तपासणी

प्रश्न : वडिलांच्या अँजिओप्लास्टीच्या अंदाजपत्रकात ‘आयव्हीयूएस’चा वेगळा खर्च दाखवला आहे. अँजिओग्राफी झालेली असताना याची गरज काय? (एक वाचक, दादर, मुंबई)

उत्तर : अँजिओग्राफीत धमनीतून वाहणाऱ्या रंगद्रव्याची केवळ सावली दिसते, भिंतीत साचलेला थर किती जाड आहे आणि त्यात कॅल्शियम किती आहे, हे तिच्यावरून नेमके सांगता येत नाही. आयव्हीयूएसमध्ये सुमारे १ मिलिमीटर जाडीची नळी धमनीत सरकवून ध्वनिलहरींनी आतून चित्र घेतात, त्यामुळे स्टेंटचे (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीचे) माप ठरवता येते आणि बसवल्यानंतर तो भिंतीला नीट टेकला आहे की अर्धवटच उघडला आहे, हेही कळते. ओसीटी ही धमनी आतून पाहण्याची दुसरी पद्धत प्रकाशकिरणांवर चालते. तिचे चित्र कितीतरी अधिक स्पष्ट असते, परंतु ती फार खोल पाहू शकत नाही, शिवाय रक्त बाजूला सारण्यासाठी बहुधा जादा रंगद्रव्य द्यावे लागते, म्हणून मूत्रपिंडे कमकुवत असलेल्या रुग्णांत आयव्हीयूएस सोयीचे ठरते. युरोपीय हृदयरोग संघटनेने २०२४ मध्ये डावी मुख्य धमनी, धमनीचा फाटा आणि लांब अडथळे यांसाठी अशा तपासणीची ठाम शिफारस केली आहे. अशा रुग्णांत हा खर्च, माझ्या मते, अनाठायी नाही. साध्या, आखूड अडथळ्यात मात्र कारण विचारायला संकोच करू नये. विमा असल्यास मंजुरी आधी लेखी घ्यावी.