लॉजवर किंवा सिमकार्डवाल्याला आधारची झेरॉक्स दिली तर खरंच काही बिघडतं का?

नुसत्या झेरॉक्सवरून बँकेतले पैसे सहसा निघत नाहीत. त्याला ओटीपी किंवा बोटाचा ठसा लागतो. खरा त्रास वेगळाच. तुमच्या नावावर दुसऱ्याच कुणाचं सिम चालू होतं, आणि त्या नंबरवरून फसवणूक झाली की पोलीस आधी तुमच्याकडे येतात.

म्हणून 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर आपला मोबाईल नंबर टाकून बघा, आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर असेल तर तिथूनच 'हा माझा नाही' असं कळवता येतं. (मी बघितलं तर वडिलांचं जुनं सिम माझ्याच नावावर निघालं, तो भाग वेगळा!)

लॉजवाल्याला मास्क्ड आधार द्या. त्यावर शेवटचे ४ आकडेच दिसतात. पूर्ण झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवी तारीख आणि कारण लिहा, उदा. 'फक्त खोलीसाठी'.

२०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने झेरॉक्स देऊ नका असं पत्रक काढलं होतं. दोनच दिवसांत ते मागे घेतलं गेलं. लोक गोंधळले ते तेव्हापासून.

ठशांची भीती वाटत असेल तर आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक (म्हणजे बोटांचे ठसे वगैरे) लॉक करून ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन.