वाचकांचे प्रश्न : हॉकिंग हिल्सच्या घळी आणि धबधबे

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस येथे राहते. येत्या मे महिन्यात आम्ही दोघे तिच्याकडे जाणार आहोत. तेथून मोटारीने तासाभराच्या अंतरावर असलेल्या हॉकिंग हिल्स स्टेट पार्कमध्ये आम्हाला गुहा आणि धबधबे दाखवायला न्यायचे, असा तिचा बेत आहे. माझे वय ६४ असून गुडघे दुखतात. शिवाय अंधाऱ्या, अरुंद गुहेत वाकून शिरण्याची मला धास्ती वाटते. आम्ही जावे का, आणि जायचे झाल्यास कोणत्या वाटांनी?

उत्तर : अवश्य जावे. ‘गुहा’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहिले आहे, ते मात्र आधी पुसून टाकावे लागेल. तेथील फलकांवर ‘केव्ह’ असे लिहिलेले असले, तरी यांतील बहुतेक जागा म्हणजे कड्याच्या पोटात आत गेलेल्या आणि समोरून सताड उघड्या असलेल्या कपारी आहेत. मराठीत अशा जागेला ‘घळ’ हा नेमका शब्द आहे. तेथे वाकावे लागत नाही, विजेरी लागत नाही आणि श्वासही कोंडत नाही.

या घळी कशा झाल्या हे समजून घेतले, की कोठे जावे, केव्हा जावे आणि कोठे जपावे हे बरेचसे आपोआप उलगडते. हा सारा प्रदेश ब्लॅकहँड नावाच्या वालुकाश्माचा आहे. सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ समुद्र होता आणि त्याला मिळणाऱ्या प्रवाहांनी आणलेली वाळू व गोटे साचून हा खडक घडला. त्याचा वरचा आणि तळचा थर घट्ट आहे, मधला मात्र ठिसूळ आहे. घळीच्या मागच्या भिंतीवरून हलकेच बोट फिरवून पाहिले, तर रव्यासारखे कण बोटाला चिकटून येतात. मधल्या थराचे कण इतके सैल बांधलेले आहेत. पाझरणारे पाणी, हिवाळ्यात भेगांत गोठणारा बर्फ आणि वाहता ओढा यांनी हा मधला थर पोखरून नेला. वरचा थर छतासारखा पुढे झेपावलेला राहिला आणि माथ्यावरचा ओढा त्या छताच्या कडेवरून सरळ खाली कोसळू लागला. म्हणूनच येथे घळ आणि धबधबा अनेकदा एकाच ठिकाणी पाहायला मिळतात.

आपल्यासाठी पहिली वाट ॲश केव्हची. वाहनतळापासून घळीपर्यंतची सुमारे पाव मैलाची, म्हणजे चारशे मीटरची वाट फरसबंद आणि जवळपास सपाट असून चाकाची खुर्चीही तेथवर नेता येते. घोड्याच्या नालेच्या आकाराची ही घळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७०० फूट, आत १०० फूट आणि उंचीला ९० फूट आहे. ओहायोतील ही सर्वांत मोठी घळ होय. परतताना वरच्या कडेने जाणारी दुसरी वाट आहे, परंतु तिला पायऱ्या आहेत, तेव्हा ती मुलीसाठी सोडून आपण आल्या वाटेनेच परतावे.

त्याच दिवशी ओल्ड मॅन्स केव्हही उरकून घेण्याचा मोह होईल. तो आवरावा, असे माझे मत आहे. ती घळ एका अर्ध्या मैलाच्या खोल दरीत आहे. दरीभर पायऱ्या, पूल आणि खडकातून काढलेले लहान बोगदे असून गुडघ्यांचा खरा कस तेथे लागतो. दुसऱ्या दिवशी ताज्या पायांनी जावे, वरच्या धबधब्यापाशी उतरावे, प्रवाहाने गरगर फिरून कोरलेला ‘डेव्हिल्स बाथटब’ हा रांजणखळगा पाहावा आणि पुढे उतरायचे की नाही ते तेथे ठरवावे. मात्र गर्दीमुळे या दरीतील वाटा एकेरी केलेल्या आहेत. त्यामुळे कोठून बाहेर पडता येईल, हे आरंभीच्या नकाशावर पाहूनच खाली पाऊल टाकावे. घळीला नाव मिळाले ते रिचर्ड रो या एकांतवासी माणसावरून. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो या भागात आला, येथेच राहिला आणि घळीच्या कपारीखालीच त्याला पुरले, असे सांगतात.

पार्कमधील एकमेव खरी गुहा म्हणजे रॉक हाउस. सुमारे दीडशे फूट उंच कड्याच्या मध्यावर, खडकातील भेगा रुंदावत जाऊन २०० फूट लांबीचे एक दालन तयार झाले आहे. त्याचे छत २५ फूट उंच आहे आणि कमानदार खिडक्यांसारख्या झरोक्यांतून आत उजेड येतो. वाकण्याची भीती येथेही नाही. अडचण आहे ती चढउताराची आणि ओबडधोबड, पुष्कळदा निसरड्या असलेल्या जमिनीची. यजमानांचे पाय बरे असतील, तर त्यांना जरूर पाठवावे.

प्रश्न : गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस आम्ही सहकुटुंब ॲश केव्हला गेलो होतो. छायाचित्रांत दिसणारा धबधबा तेथे नव्हताच. वरून नुसते थेंब गळत होते. असे कसे?

उत्तर : ऑगस्ट म्हटला की धबधबे भरात असणार, हा आपल्या पावसाळ्याने आपल्याला लावलेला हिशेब आहे. ओहायोत पाऊस एका ऋतूत कोसळत नाही, तो वर्षभर विखरून पडतो. उन्हाळ्यात मात्र ऊन आणि पानांनी भरलेली झाडे त्यातील बराच वाटा खेचून घेतात. ॲश केव्हच्या माथ्यावरचा ओढा मुळातच लहान असल्याने उन्हाळा सरता सरता त्याची धार सुतासारखी होते. झाडे निष्पर्ण असतात, बर्फ वितळत असते आणि जमीन ओली असते, तेव्हा, म्हणजे मार्चपासून मेपर्यंत, ओढे भरलेले असतात. पाऊस पडून गेल्यावरचा एखादा दिवस त्यांतही उत्तम. ऑक्टोबरात पाने रंगतात आणि माणसेही लोटतात, परंतु पाण्याची खात्री देता येत नाही. कडाक्याच्या थंडीत खाली पडणारे पाणी गोठत जाऊन ॲश केव्हच्या तळाशी बर्फाचा शंकू उभा राहतो. तो पाहायचा असेल, तर बुटांच्या तळव्यांना बर्फावर पकड घेणारे खिळे लावूनच जावे.

उन्हाळ्यातच जाणे भाग असेल, तर सीडर फॉल्स निवडावा. तो सुमारे ५० फूट उंच असून पार्कमधील धबधब्यांत सर्वाधिक पाणी त्यालाच असते. खाली उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत. गंमत अशी, की तेथे ‘सीडर’ नावाचे सूचिपर्णी झाड नाही. आरंभीच्या वसाहतकऱ्यांनी हेमलॉक या दुसऱ्याच सूचिपर्णी वृक्षांना सीडर समजून हे नाव दिले आणि तेच टिकले. हेमलॉकची चपटी, बोटाच्या पेराहूनही लहान पाने उलटून पाहिली, तर खालच्या अंगाला दोन पांढुरक्या रेघा दिसतात. हिमयुगातील हिमनद्या या टेकड्यांच्या अलीकडेच थांबल्या. त्यांच्यामुळे गारठलेल्या हवेत येथे वाढलेली उत्तरेकडची ही झाडे दऱ्यांच्या सावलीत आजतागायत तग धरून आहेत.

ॲश केव्हची ती फेरी अगदीच वाया गेली असे मात्र मी म्हणणार नाही. तिला हे नाव पडले, ते वसाहतकऱ्यांना तेथे सापडलेल्या राखेच्या प्रचंड ढिगामुळे. ही राख तेथील मूळ रहिवाशांच्या शेकोट्यांची असावी, असे मानले जाते.

प्रश्न : धबधब्याखालच्या पाण्यात मुले पाय बुडवत होती, तेव्हा तेथील रक्षकाने त्यांना बाहेर काढले. पाणी तर जेमतेम घोट्यापर्यंत होते. इतकी कडकाई कशासाठी?

उत्तर : रक्षकाचे चुकले नाही. तेथील ओढ्यांत आणि डोहांत पोहण्याला व उतरण्याला मनाई आहे, तसेच आखलेली वाट सोडून जाण्याला आणि कड्यावर चढण्यालाही आहे. पाणी उथळ असले, तरी त्याखाली काय आहे ते पाहावे. वरच्या थराचे घरापेक्षा मोठे धोंडे सुटून दरीत पडलेले आहेत, आणि ही क्रिया अजून थांबलेली नाही. वरची कड तर याहून फसवी असते. आपण उभे असतो तो खडक भक्कम वाटतो, परंतु त्याच्या खालचे पोट पोखरून गेलेले असते, आणि कडेवर पडलेली ओली पाने वालुकाश्मावरून साबणासारखी सरकतात. या पार्कमध्ये कड्यावरून पडून माणसे दगावलेली आहेत. लहान मुलांचा हात वरच्या वाटांवर क्षणभरही सोडू नये.

प्रश्न : प्रवेशशुल्क किती? कुत्र्याला नेता येते का?

उत्तर : ओहायोच्या स्टेट पार्कांत प्रवेशाला शुल्क नाही. दोरी बांधलेल्या कुत्र्याला हॉकिंग हिल्सच्या वाटांवर नेता येते. शेजारचे कॉन्कल्स हॉलो हे मात्र वेगळे, संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. तेथे कुत्रा चालत नाही.

प्रश्न : माझे वय ७० आहे. रोज सकाळी सहा-सात किलोमीटर चालतो. मुलगा म्हणतो, तुकड्या-तुकड्यांनी पाहण्यापेक्षा ओल्ड मॅन्स केव्ह, सीडर फॉल्स आणि ॲश केव्ह ही तिन्ही ठिकाणे जोडणाऱ्या वाटेने एका दिवसात चालून जाऊ. मला झेपेल का?

उत्तर : ती वाट ग्रँडमा गेटवुड यांच्या नावाने ओळखली जाते, आणि आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या नावातच आहे. ओहायोच्या एमा गेटवुड, अकरा मुलांची आई, १९५५ मध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी साध्या कॅनव्हासच्या बुटांत अमेरिकेतील अपलाचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरांहून लांब वाट एका हंगामात एकट्याने चालून गेल्या. असे करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांच्या नावाची ही वाट ओल्ड मॅन्स केव्हपासून सीडर फॉल्सवरून ॲश केव्हपर्यंत सहा मैलांची, म्हणजे सुमारे साडेनऊ किलोमीटरांची आहे.

उरलेले अर्धे उत्तर एवढे उत्साही नाही. सपाट रस्त्यावरचे सहा-सात किलोमीटर आणि पायऱ्या, मुळे व ओल्या दगडांवरून केलेले साडेनऊ किलोमीटर यांची तुलना होत नाही. निघण्यापूर्वी महिनाभर जिने चढण्या-उतरण्याचा सराव करावा, विशेषतः उतरण्याचा. घरात दोन गाड्या असतील, तर एक आधीच ॲश केव्हला नेऊन ठेवावी, म्हणजे तीच वाट परत चालावी लागणार नाही. आरंभ ओल्ड मॅन्स केव्हपासून करावा: अवघड पायऱ्या सकाळीच संपतात आणि थकलेल्या पायांना शेवटी ॲश केव्हची फरसबंद वाट मिळते. पार्कमधील वाटा सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद होतात आणि दरीत मोबाइलला बहुधा रेंज नसते. तेव्हा मुलगा मागे-पुढे चालणार असेल, तर सीडर फॉल्सला किती वाजता भेटायचे ते निघतानाच ठरवून घ्यावे.