वार खाली आहे, वर सरकेल का?

प्रश्न: ताई, पाचवा महिना चालू आहे, अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये (बाळात व्यंग नाही ना ते बघायची सोनोग्राफी) वार, म्हणजे प्लासेंटा, खाली आहे असं आलंय. सासूबाई पलंगावरून उतरू देत नाहीत, पायाखाली दोन उशा घेऊन झोपते. वर जाईल का, की सिझरच?

उत्तर: अगं, आधी त्या उशा काढ, त्याने वार वर जात नाही. वार चिकटलेल्या जागीच असते, पण पुढच्या महिन्यांत पिशवीचा खालचा भाग ताणून लांब होतो आणि वार पिशवीच्या तोंडापासून दूर जाते, साधारण 10 पैकी 9 जणींचं असंच होतं. आधी सिझर झालं असेल किंवा वार तोंडावरच पसरली असेल तर मात्र शक्यता कमी. 32 आठवड्यांना परत सोनोग्राफी कर, आतून, म्हणजे योनीमार्गातून, करायची म्हणाले तरी घाबरू नकोस, तीच जास्त अचूक असते आणि बाळाला धोका नसतो. तोंडापासून 2 सेंटिमीटरपेक्षा लांब गेली की बहुतेक वेळा नॉर्मलचा विचार करता येतो. घरातली हलकी कामं खुशाल कर, पण न दुखता लालभडक रक्त गेलं, अगदी चमचाभर आणि लगेच थांबलं तरी, रात्रीचे दोन वाजलेले असोत, फाईल घेऊन थेट ऑपरेशनची आणि रक्ताची सोय असलेलं हॉस्पिटल गाठ, सकाळची वाट बघू नकोस.